विहिरीवरच्या सात जणी आणि लेण्यांतले यक्ष-नाग

आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर, मोटेच्या जुन्या थारोळ्याशेजारी, शेंदूर फासलेले सात लहान दगड ओळीने मांडलेले होते आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर एक उभट, एकटा आठवा दगड होता. सात दगडांना आजी कधी ‘साती आसरा’ म्हणायची, कधी ‘मावलाया’. आठव्याला ती ‘त्यांचा भाऊ’ म्हणायची. चैत्र लागला आणि पाणी खोल जाऊ लागले की ती त्यांना हळदी-कुंकू वाहायची, हिरव्या बांगड्या आणि खण ठेवायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायची, आणि त्या दिवशी विहिरीवर कोणी धुणे धुवायचे नाही असा तिचा दंडक होता. भर दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला आम्हा मुलांना विहिरीकडे फिरकायला मनाई असे. कारण विचारले तर उत्तर एकच मिळायचे, “ती त्यायची येळ असती.”

कन्नड तालुक्यातले ते गाव सोडून मला छत्रपती संभाजीनगरला येऊन पंचवीस वर्षे झाली. या काळात अजिंठा, वेरूळ, पितळखोरा आणि शहरालगतची औरंगाबाद लेणी अनेकदा पाहिली, बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या जातककथा आणि महाभारत सवडीने वाचले, आणि प्रत्येक वेळी विहिरीवरच्या त्या सात जणी कुठे ना कुठे भेटत राहिल्या. ‘आसरा’ हा शब्द ‘अप्सरा’ या शब्दापासून आला, असे अभ्यासक सांगतात. पाली आणि प्राकृतातले ‘अच्छरा’ हे मधले रूप लक्षात घेतले की ते लगेच पटते. अप् म्हणजे पाणी, आणि पाण्यात वावरणाऱ्या त्या अप्सरा. इंद्राच्या दरबारात नाचणाऱ्या म्हणून त्या आपल्याला ठाऊक असतात, पण त्यांचे मूळ घर पाणी आहे आणि मराठवाड्यातल्या विहिरींनी ते घर अजून राखून ठेवले आहे.

यक्ष, नाग, अप्सरा, गंधर्व, राक्षसी, पिशाच या सगळ्यांना आपण ‘भुतेखेते’ म्हणून एकाच पोत्यात भरतो, आणि तिथेच आपली मोठी चूक होते, असे मला वाटते. ही मुळात जागेची मालक मंडळी आहेत. पाण्याचा डोह, जुने झाड, डोंगराची खिंड, पुरलेले धन, बाळंतिणीची खोली यांवर त्यांचा हक्क आधीपासून आहे आणि माणूस तिथे नंतर आलेला आहे. आमच्याकडे एखाद्या ठिकाणाबद्दल ‘ती जागा जागती आहे’ असे म्हणतात, त्याचा अर्थ तोच. हिंदू आणि बौद्ध या दोन्ही परंपरांनी या जुन्या मालकांशी काय बोलणी केली, कोणता करार केला, हे पाहू लागले की कितीतरी कथा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी निघतात.

सुरुवात पितळखोऱ्यापासून करते, कारण ते आमच्या तालुक्यातले आणि या सगळ्यांत जुन्यांपैकी एक. सातमाळ्याच्या डोंगरात, गौताळ्याच्या जंगलाच्या अंगाने, पायऱ्या उतरून ओढा ओलांडला की लेणी लागतात. त्यांचे खोदकाम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झाले. पैठणच्या गंधी कुटुंबातल्या मित्रदेवाने तिथे खांब दान दिला, राजवैद्य मगिल आणि त्याच्या कुटुंबीयांनी दान दिले, असे तिथले लेख सांगतात. दाराशी भाला आणि ढाल घेतलेले द्वारपाल उभे आहेत, जोत्यावर हत्तींची रांग आहे, आणि दारालगत पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे. मागच्या पन्हळीतून आलेले पाणी नागाच्या फण्यांतून बाहेर पडावे, म्हणून खोदणाऱ्यांनी त्या फण्यांना भोके ठेवली होती. मी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा कितीतरी वेळ त्या फण्यांकडे पाहत उभी राहिले. नाग म्हणजे पाण्याचा धनी, ही कल्पना पुस्तकात वाचणे वेगळे आणि दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दगडाला भोक पाडून ती खरी करून दाखवली होती, हे डोळ्यांनी पाहणे वेगळे.

याच ठिकाणी ढिगारा उपसताना एक यक्ष सापडला. तो आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, ढेरपोट्या, दोन्ही हातांनी डोक्यावरचे पात्र सावरणारा आणि तोंडभर हसणारा असा हा यक्ष कण्हदास नावाच्या सोनाराने घडवला, असे त्याच्या हातावरच कोरलेले आहे. दागिने घडवणाऱ्याचा हात त्या यक्षाच्या गळ्यातल्या माळेत आणि कानांतल्या कुंडलांत लगेच ओळखू येतो. भीती वाटावी असे त्याच्यात काही नाही. ओझे वाहणारा, खाऊन-पिऊन सुखी असा हा घरचा गडी वाटतो. यक्ष म्हटल्यावर त्या काळच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कोण येत असे, हे त्या एका चेहऱ्यावरून कळते. महामायूरी या बौद्ध ग्रंथात कोणत्या गावी कोणता यक्ष राहतो याची लांबलचक यादी आहे. तिच्यातले पीतंगल्य म्हणजे आपले पितळखोरे, असे अभ्यासकांनी मानले आहे. गावोगावचे ग्रामदैवत नोंदवून ठेवावे तशीच ही नोंद आहे. या महामायूरीलाच पुढे देवीचे रूप मिळाले; सर्पदंशापासून राखणारी म्हणून तिची उपासना झाली आणि वेरूळच्या ६ क्रमांकाच्या लेण्यात ती मोरासह उभी आहे. तिच्याजवळ खाली एक जण पोथी वाचत बसलेला आहे, त्यामुळे पुष्कळ जण तिला सरस्वती समजून हात जोडतात.

नागांचा पाण्याशी असलेला संबंध अजिंठ्यालाही सोडत नाही. वाघूर नदीकडून १६ क्रमांकाच्या लेण्याकडे चढताना पायऱ्यांच्या वळणावर भिंतीत नागराज बसलेला दिसतो. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात हे लेणे खोदवले, आणि त्याच्या शिलालेखात लेण्याचे वर्णन करताना पाण्याच्या मोठ्या साठ्याबरोबर नागराजाच्या मंदिराचाही उल्लेख आहे. भिक्षूंसाठी निवास बांधायचा, आत बुद्धाची स्थापना करायची, आणि वाटेवर त्या दरीच्या जुन्या धन्यासाठी आसन ठेवायचे, असा तो शिष्टाचार होता. १९ क्रमांकाच्या चैत्यगृहाबाहेर तर नागराज आणि राणी अगदी निवांत बसले आहेत. त्याच्या डोक्यामागे सात फणे, तिच्यामागे एक. अजिंठ्यातले बुद्ध पाहून डोळे आपोआप मिटतात, पण या दांपत्यासमोर मात्र ते उघडे ठेवून बसावेसे वाटते.

याच नागलोकातली एक मुलगी मला सगळ्यांत जवळची वाटते. २ क्रमांकाच्या लेण्यात विधुरपंडित जातकाचे चित्र आहे आणि त्यात इरंदती नावाची नागकन्या झोक्यावर बसलेली आहे. कथा अशी की, नागराणीला विधुर नावाच्या ज्ञानी माणसाच्या हृदयाची ओढ लागते. ते आणील त्याच्याशी मुलीचे लग्न, असे ठरते. कुबेराचा भाचा असलेला यक्ष पूर्णक इरंदतीच्या प्रेमात पडतो, इंद्रप्रस्थाच्या कुरुराजाला द्यूतात हरवतो आणि पणात विधुराला जिंकून नेतो. वाटेत त्याला मारण्याचे पूर्णकाचे सगळे प्रयत्न फसतात, विधुर त्यालाच उपदेश करतो, आणि शेवटी उमगते की राणीला हवे असलेले हृदय म्हणजे त्याची वाणी होती. इंद्रप्रस्थ, कुरुराजा, द्यूत आणि विधुर ही नावे वाचून महाभारतातला विदुर आठवल्यावाचून राहत नाही.

पण मी त्या चित्रासमोर थांबते ती झोक्यासाठी. नागपंचमीला आमच्याकडे जमीन नांगरत नाहीत, विळी-चाकू हातात घेत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत, म्हणून पुरणाचे दिंड उकडतात. आणि माहेरी आलेल्या लेकीबाळी झाडाला दोर बांधून झोके घेतात. नागाच्या सणाला झोका का, असे मी लहानपणी आईला विचारले होते आणि तिला सांगता आले नव्हते. अजिंठ्याच्या भिंतीवरून आमचा झोका आला, असे मी म्हणणार नाही; तसा दावा करायला माझ्याकडे आधार नाही. तरीही पंधराशे वर्षांपूर्वी एका चित्रकाराला नागकन्या काढावीशी वाटली तेव्हा त्याने तिला झोक्यावर बसवले, आणि आमच्या गावच्या बायका नागाच्याच दिवशी झोक्यावर बसतात, हे दोन्ही मला एकत्र दिसते.

पाण्याच्या धन्याची सगळ्यांत प्रसिद्ध कथा अर्थातच यक्षप्रश्नाची. महाभारताच्या वनपर्वात तहानेने व्याकूळ झालेले चार पांडव तळ्याच्या धन्याला न जुमानता पाणी पितात आणि कोसळतात. युधिष्ठिर मात्र थांबतो, आधी प्रश्नांची उत्तरे देतो आणि भावांना परत मिळवतो. जातकसंग्रहातल्या ६ क्रमांकाच्या देवधम्म जातकातही तळे आहे, तळ्यात पाण्याचा राक्षस आहे, आणि तो पाण्यात उतरणाऱ्याला ‘देवधर्म म्हणजे काय’ असा प्रश्न करतो. सूर्य आणि चंद्र नावाचे दोन राजपुत्र चुकीचे उत्तर देऊन अडकतात आणि थोरला भाऊ महिंसास, म्हणजे बोधिसत्त्व (पूर्वजन्मीचे बुद्ध), पाण्यात पाय न घालता त्याला ओळखतो. हे तळे त्या राक्षसाला कुबेराने नेमून दिलेले असते, हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. म्हणजे तो तिथला नेमलेला राखणदार आहे. त्यानंतरची गंमत अशी की, एक भाऊ परत देतो म्हटल्यावर महिंसासही युधिष्ठिरासारखा सावत्र भावालाच मागतो. सुत्तनिपात या पाली बौद्ध ग्रंथात आळवक यक्ष खुद्द बुद्धांना घराबाहेर जायला, पुन्हा आत यायला, पुन्हा बाहेर जायला सांगतो; बुद्ध तीन वेळा त्याचे ऐकतात आणि चौथ्या वेळी नकार देऊन त्याच्या प्रश्नांची उत्तरे देतात. माणसाचे सर्वांत श्रेष्ठ धन कोणते, या त्याच्या प्रश्नाला त्यांनी ‘श्रद्धा’ असे उत्तर दिले आहे. घरमालकाने तीनदा उठवले तरी तीनदा उठणे, यात बुद्धांना कमीपणा वाटला नाही.

या मंडळींची व्यवस्थाही दोन्ही परंपरांत बरीचशी एकच आहे. बौद्ध ग्रंथांप्रमाणे पूर्वेला धृतराष्ट्र गंधर्वांचा राजा, दक्षिणेला विरूढक कुंभांड नावाच्या भूतगणांचा, पश्चिमेला विरूपाक्ष नागांचा आणि उत्तरेला वैश्रवण यक्षांचा. वैश्रवण म्हणजे आपला कुबेरच, आणि पुराणांतही तो उत्तरेचा दिक्पाल आहे. गंधर्वांविषयी संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात म्हटले आहे की ते झाडांच्या सुगंधी मुळांत, सालीत, गाभ्यात, चिकात आणि फुलांत राहतात. केवड्याच्या बनात साप असतो एवढेच आम्हाला माहीत होते; तिथल्या वासातही कोणी राहते, हे वाचून फार बरे वाटले.

आता हारीतीकडे येते, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

गेल्या हिवाळ्यात नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन मी अजिंठ्याला गेले होते. २ क्रमांकाच्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याच्या उजवीकडे एक लहान उपगर्भगृह आहे. त्यात एक स्त्री आणि एक पुरुष शेजारी-शेजारी बसले आहेत आणि स्त्रीच्या मांडीवर मूल आहे. भाचीचे लक्ष मात्र त्यांच्या आसनाखालच्या पट्टीवर गेले. तिथे लहान मुलांची रांग कोरलेली आहे आणि एका टोकाला छडी घेतलेले गुरुजी आहेत. “मावशी, यांची शाळा भरलीय,” असे ती ओरडली आणि मग तिला पूर्ण गोष्ट सांगावीच लागली.

हारीती ही राजगृहातली यक्षिणी. तिला पाचशे मुले होती आणि ती नगरातल्या लोकांची मुले पळवून खात असे. लोक बुद्धांकडे गेले. बुद्धांनी तिचा सगळ्यांत धाकटा, लाडका प्रियंकर आपल्या भिक्षापात्राखाली लपवून ठेवला. ती वेड्यासारखी सगळीकडे शोधत फिरली आणि शेवटी त्यांच्यापुढे येऊन रडू लागली. पाचशेंतला एक हरवला तर तुझी ही दशा, मग ज्यांना एकच होता त्यांचे काय, असे त्यांनी विचारले. तिने मुले खाणे सोडले. पण मग मी आणि माझी मुले खाणार काय, हा तिचा प्रश्न राहिला, आणि त्याचे उत्तर बुद्धांनी असे दिले की प्रत्येक विहारात भिक्षूंच्या जेवणातून तिचा वाटा बाजूला काढला जाईल. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने लिहून ठेवले आहे की विहारांच्या देवडीत किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात मांडीवर मूल घेतलेल्या हारीतीची प्रतिमा असते आणि तिच्यापुढे रोज अन्न ठेवले जाते. अजिंठ्याच्या त्या उपगर्भगृहात एका बाजूला चवताळून बुद्धांवर चालून येणारी हारीती कोरलेली आहे, दुसऱ्या बाजूला शरण आलेली, आणि मध्ये नवरा पांचिक याच्याशेजारी बसलेली भरल्या घरची आई. भिंतींवर मुलाबाळांसह पूजेला आलेल्या बायकांची चित्रे आहेत. पांचिक आणि हारीती औरंगाबादच्या ७ क्रमांकाच्या लेण्यातही आहेत.

या कथेत मला सगळ्यांत जास्त हलवून जातो तो जेवणाचा वाटा. तिला मारले नाही, कोंडले नाही, तिच्या भुकेची सोय केली. महाभारतात, राजगृहातच, जरा नावाची राक्षसी दोन शकले होऊन जन्मलेल्या बाळाला सांधते आणि जरासंध जिवंत होतो. ती राजा बृहद्रथाला सांगते की मला मुलांसह घराच्या भिंतीवर जो रेखाटतो त्याच्या घराची भरभराट होते. त्याच महाभारतात लोकमाता स्कंदाला, म्हणजे कार्तिकेयाला, मारायला पाठवलेल्या असतात आणि बाळाला पाहताच त्याच्या आया होतात. वेरूळच्या १४ क्रमांकाच्या लेण्यात सप्तमातृका ओळीने बसलेल्या पाहताना त्या कथेची आठवण ठेवावी.

आणि मग आपली सटवाई. बाळ जन्मल्यावर पाचव्या रात्री आमच्याकडे ‘पाचवी’ पुजतात. बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडायचा, त्याला हळदी-कुंकू लावायचे, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा तेवत ठेवायचा, कारण सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. माझ्या मुलीच्या पाचवीला आजी होती. तिने नैवेद्य ठेवताना हळूच म्हटलेले मला अजून ऐकू येते: “तुझं तू घे, माय, आमचं आमच्यापाशी राहू दे.” हारीतीचा करार याहून वेगळ्या शब्दांत सांगता येईल असे मला वाटत नाही. बाळ दगावण्याची भीती ज्या काळात दर घरात होती, त्या काळातल्या बायकांनी त्या भीतीला चेहरा दिला, नाव दिले, आणि तिला मायेच्या नात्यात आणून बसवले.

पैठणला गेल्यावर दुसरेच दालन उघडते. कथासरित्सागर या जुन्या कथासंग्रहात इथल्या सातवाहन राजाच्या नावाचीच एक कथा आहे: राजाला रानात सिंहावर बसलेले एक मूल दिसते, तो सिंह म्हणजे शापामुळे सिंह झालेला ‘सात’ नावाचा यक्ष असतो, म्हणून मुलाचे नाव सातवाहन. लोककथा शालिवाहनाला नागराज शेषाचा मुलगा म्हणते, आणि कुंभाराच्या घरी वाढलेल्या त्याच्या मातीच्या सैन्याची गोष्ट गोदाकाठी आजही सांगतात. ज्या नागघाटावर ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवल्याचे आपण सांगतो, त्याच्या नावातही नाग आहेच.

त्याच सातवाहनाच्या दरबारातला गुणाढ्य. त्याची आई श्रुतार्था आणि वडील कीर्तिसेन, म्हणजे वासुकी नागाचा पुतण्या. तेव्हा मराठवाड्यातला हा कथाकार अर्धा नागलोकातला होता. राजाला संस्कृत किती वर्षांत शिकवता येईल यावर लागलेल्या पैजेत तो हरतो आणि संस्कृत, प्राकृत, देशी या तिन्ही भाषा बोलणे सोडून रानात निघून जातो. तिथे काणभूती नावाचा पिशाच त्याला भेटतो. हाही मुळात यक्ष, कुबेराच्या शापाने पिशाच झालेला. त्याच्याकडून ऐकलेल्या कथा गुणाढ्य सात वर्षे खपून पैशाची नावाच्या भाषेत, शाई नसल्यामुळे स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांत लिहितो. राजा त्या पिशाचाच्या भाषेतल्या, रक्ताने लिहिलेल्या ग्रंथाचा अव्हेर करतो. मग गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवतो, एकेक पान वाचतो आणि जाळतो, आणि रानातली जनावरे चारा सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहतात. राजाला पश्चात्ताप होऊन तो धावत येतो तेव्हा एक लाख श्लोक उरलेले असतात. ती मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात संस्कृतात रचलेल्या कथासरित्सागरातून तिची ओळख होते. भारताचे एवढे मोठे कथाभांडार गुणाढ्याला सांगण्याचा मान परंपरेने एका पिशाचाला दिला आहे, आणि ऐकणारा होता पैठणचा. मराठवाड्यातल्या किती शाळांत ही गोष्ट मुलांना सांगतात, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

झाडांविषयीही लिहिले पाहिजे. आमच्या गावच्या पिंपळावर मुंजा आहे. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच जो मुलगा गेला, त्याचा वास त्या झाडावर आहे, असे मानतात. पाराशी लहानसा दगड आहे, आणि पिंपळाची फांदी कोणी सहजी तोडत नाही. सिद्धार्थाला खीर देणाऱ्या सुजातेने ती खीर खरे तर वडाच्या झाडातल्या देवतेच्या नवसासाठी शिजवली होती. तिची दासी पुढे जाऊन पाहते तो झाडाखाली तेजस्वी पुरुष बसलेला, आणि तिला वाटते की वृक्षदेवताच नैवेद्य घ्यायला प्रकट झाली आहे. ज्ञानप्राप्तीच्या आधीचे बुद्धांचे ते जेवण अशा रीतीने एका झाडाच्या नैवेद्याचे होते. त्यानंतर अवेळी आलेल्या पावसात मुचलिंद नागाने सात दिवस त्यांच्यावर फणा धरला.

एक गोष्ट मात्र इथेच स्पष्ट लिहिते. या श्रद्धांच्या नावाने माणसांवर, विशेषतः बायकांवर, जे केले जाते त्याची मी साक्षीदार आहे. माझ्या लहानपणी आमच्याच भागात एका विधवेला ‘हिच्या अंगात बाहेरचे आहे’ असे ठरवून मारहाण झाली होती. ती किंकाळी मी विसरलेले नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला तेव्हा मला मनापासून समाधान वाटले आणि त्याची अंमलबजावणी गावोगाव व्हावी असेच मला वाटते. पण हारीतीची, आळवकाची किंवा यक्षप्रश्नाची गोष्ट वाचणाऱ्याला दिसेल की त्या कथांत कोणालाही झोडपून काढलेले नाही. तिथे प्रश्न विचारले जातात, उत्तरे दिली जातात, अन्नाचा वाटा ठरतो. भगत जे करतो ते या परंपरेच्या अगदी उलट आहे.

लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस होते. शेतात कडब्याची कोप उभारतात, आत पूजा मांडतात, भज्जी आणि आंबिलाचा नैवेद्य दाखवतात आणि उभ्या पिकातून आंबिल शिंपडत फिरतात. मी पहिल्यांदा त्या भागातल्या मैत्रिणीच्या शेतात हे पाहिले तेव्हा तिचे सासरे धुऱ्यावरून चालताना शिवाराच्या चारही कोपऱ्यांना थांबत होते. तिथे काही दगड नव्हता की मूर्ती नव्हती. कोणाला देता, असे विचारल्यावर ते म्हणाले, “हितं ज्यो असंल त्येला.”

भिक्षूंच्या नियमांच्या विनयपिटक या ग्रंथात झाडे तोडू नयेत या भिक्षूंच्या नियमामागे एक कथा आहे. आळवी गावी एक भिक्षू झाड तोडू लागतो. झाडात राहणारी देवता विनवते की माझे घर तोडू नका. तो ऐकत नाही आणि त्याचा घाव देवतेच्या लेकराच्या हातावर बसतो. तिच्या मनात येते की याला इथेच मारून टाकावे. पण ती स्वतःला आवरते आणि बुद्धांकडे जाऊन गाऱ्हाणे सांगते. बुद्ध तिचे ऐकून घेतात, राग आवरलास हे बरे केलेस असे म्हणतात, आणि अमुक जागी एक रिकामे झाड आहे, तिथे जाऊन राहा, असे सांगतात. मग भिक्षूंसाठी नियम होतो.

ही कथा मी वाचली तेव्हा मला एक दुष्काळी उन्हाळा आठवला. मी सातवीत होते. विहिरीने तळ गाठला होता, खोदकाम करायचे ठरले होते, यारी बसवायला माणसे आली होती आणि सुरुंग उडणार होते. यारीचा पाय नेमका त्या सात दगडांच्या जागेवर येत होता. माणसे दगड उचलून बाजूला फेकणार, तोच आजी पुढे झाली. तिने पदर खोचला, खाली बसली, आणि एकेका दगडावरची धूळ बोटांनी पुसत म्हणाली, “बायांनो, धा-पंधरा दिस तिकडं लिंबाखाली बसा. पाणी लागलं की तुमची जागा तुमाला.” मग तिने सातही दगड एकामागून एक ओट्यात घेतले, लिंबाखाली त्याच क्रमाने मांडले, आणि परत येऊन आठवा दगड उचलला. पाणी अठराव्या दिवशी लागले. त्या संध्याकाळी यारीवाले हिशेब करत बसले होते, वडील त्यांना चहा देत होते, आणि आजी ओल्या गाळातून वाट काढत दगड परत आणत होती. सारखेच दिसणारे ते सात दगड तिने कसे ओळखले कोण जाणे, पण तिसरा चुकून दुसऱ्याच्या जागी ठेवला गेला तेव्हा तिने लगेच तो उचलला आणि त्याच्या जागी नीट बसवला.